चंद्रभागेची आगोट

श्रीपत उतेकरने उभी हयात महाड डेपोची एसटी चालवली. आंबेनळी घाटातलं धुकं, आषाढातल्या दरडी, शिमग्याला मुंबईहून लोटणारे चाकरमानी, सगळं त्याने निभावलं. पण स्वतःच्या घरातल्या चुलीपुढे तो कधी बसला नव्हता. ड्यूटी असली की चंद्रभागेने फडक्यात बांधून दिलेली भाकरी, नसली की तिने वाढलेलं ताट. पोलादपूर तालुक्यात, उमरठच्या अंगाला डोंगरावर त्याची वाडी. तिथले सगळेच पुरुष असे. त्यामुळे निवृत्त झाल्यावरही त्यात काही वावगं आहे असं त्याच्या मनात आलं नाही.

पावसाळ्याआधी घरात सामानाची बेगमी करून ठेवायची, म्हणजे आगोट भरायची, हे काम वाडीत घरोघर चाले. चंद्रभागेची आगोट मात्र बघायला बायका मुद्दाम यायच्या. कुळथाचं पीठ, कडवे वाल, नाचणी, आमसुलं, आंबोशी, तांदळाच्या फेण्या, सुकट, बोंबील. लेक सारिका डोंबिवलीला नोकरीला लागली आणि तिने आईला मोठा फ्रीज घेऊन दिला, तेव्हापासून तर आगोटीला आणखी एक खण मिळाला. वरच्या बर्फाच्या कप्प्यात ओले काजूगर, वालाला मोड आणून सोललेल्या डाळिंब्या, उकडलेला कोवळा फणस, मटार, खोवलेला नारळ, असं सगळं धुतलेल्या दुधाच्या पिशव्यांत बांधून ती दाटीने बसवायची.

गेल्या वर्षी आगोट भरून झाली आणि मृगाच्या सुमारास एका सकाळी अंगणात भांडी घासता घासता चंद्रभागा कलंडली. उजवी बाजू गेली. महाडला नेलं, तिथून मुंबईला. जीव वाचला. घरी आणली तेव्हा आषाढ लागला होता. उजवा हात मांडीवर ठेवला तर ठेवला तिथेच राहायचा, आणि तोंडातून एकच शब्द यायचा, नाय. पाणी हवं तरी नाय, नको तरी नाय. डॉक्टर म्हणाले होते, समजतं सगळं, फक्त शब्द सापडत नाहीत.

सारिका रजा काढून राहिली, पण रजा किती पुरणार. जायच्या आदल्या दिवशी ती बापासमोर बसली.

"बाबा, मी सरळच बोलते. तुम्हाला चहासुद्धा येत नाही. आईला थोडं थोडं करून दिवसभर मऊ खायला द्यायचंय, मीठ अगदी कमी. शेजारच्या रंगूकाकी डबा देतात, पण त्यांची लावणी सुरू होईल. तुम्ही दोघं डोंबिवलीला चला. मी बाई ठेवते."

खाटेवरून चंद्रभागा म्हणाली, "नाय." एवढ्या जोरात, की अंगणातली कोंबडी दचकून बाजूला झाली. त्या नायचा अर्थ कोणाला विचारावा लागला नाही.

"तिला हितंच ऱ्हायचंय," श्रीपत म्हणाला.

"आणि खाणार काय?"

"मी करीन."

"काय कराल?"

"जेवान करीन. दुसरं काय?"

सारिका रडकुंडीला आली होती, पण लेक बापाच्याच वळणाची. ती म्हणाली, "बरं. मी गणपतीला येते. तोवर आई खंगलेली दिसली, तर मी कुणाचं ऐकणार नाही. गाडी घेऊनच येईन."

ती गेली. दुसऱ्या दिवशी श्रीपतने स्वयंपाकघरातलं फडताळ उघडलं आणि तसाच उभा राहिला. एकसारखे डबे, एकावर एक. कशावर नाव नाही, खूण नाही. चंद्रभागेला त्याची गरज कधी पडलीच नव्हती. त्याने एक डबा काढला, झाकण उघडून वास घेतला. पीठ होतं. कशाचं ते कळेना. दुसरा काढला, तेही पीठ. मग त्याने दोन्ही डबे उचलले आणि खाटेपाशी नेले.

"ह्यातलं कुळथाचं कंचं गो?"

चंद्रभागेने डावा हात उचलून बोट दाखवलं.

कुळथाची पहिली पिठी त्याने उकळत्या पाण्यात पीठ टाकून केली. गोळेच गोळे. भातावर घालून घास तिच्या तोंडाशी नेला, तर तिने तोंड फिरवलं. त्याने स्वतः चाखून बघितलं आणि ताट उचललं. दुपारी परत केली, परत गोळे. रंगूबाई भिजत लावणीहून येत होती, ती कुंपणापाशी थांबली. भांडं बघून म्हणाली, "भावजी, पीठ आधी गार पाण्यात कालवायचं. मंग फोडणीत वतायचं, आन् हात थांबवायचा नाय." रंगूबाई थट्टा करील असं त्याला वाटलं होतं, पण ती तेवढंच सांगून पुढे गेली. तिसऱ्या वेळी पिठी गुळगुळीत झाली. लसूण आणि आमसूल पडल्यावर तिला असा वास सुटला की श्रीपतलाच भूक लागली. चंद्रभागेने सगळा भात खाल्ला.

मग त्याने ठरवलं, जे येतं ते नीट करायचं आणि त्यातच फेरफार करायचे. सकाळी नाचणीची आंबील, ताकातली. दुपारी मऊ भात आणि पिठी. पिठीचा कंटाळा आला की त्याच भातात मूठभर मटार आणि थोडं खोबरं टाकून शिजवायचं, वर तूप. फणस हाताने कुस्करून, जिऱ्याच्या फोडणीवर परतून, भाकरीऐवजी तांदळाच्या पातळ घावनाबरोबर. घावन पहिल्यांदा तव्याला असं चिकटलं की खरवडून काढावं लागलं, तर त्याने ते तुकडेच दुधात भिजवून तिला भरवले. तिला ते आवडले. पुढे घावन चांगलं जमायला लागलं तरी ती कधी कधी तुकड्यांकडेच बोट दाखवायची.

सुकट-बोंबलाचा डबा मात्र त्याने माळ्यावर टाकला. बोंबील म्हणजे त्याचा जीव की प्राण, पण ते खारट, तिला चालणार नव्हते. एकदा त्याने स्वतःपुरते दोन भाजले. वास घरभर गेला. चंद्रभागा भिंतीकडे तोंड करून पडली. त्या दिवसापासून डबा खाली आला नाही, तो पुढे रंगूबाईकडे गेला.

या सगळ्यात नाय शब्दाची त्याला ओळख होत गेली. तुटक नाय म्हणजे नको. खालच्या सुरात लांबवलेलं नाय म्हणजे हो. आणि भुवया वर करून आलेलं नाय म्हणजे, तुमच्या डोक्यात काय भुसा भरलाय का. हे तिसरं त्याला लग्नापासूनच ठाऊक होतं, त्यामुळे लगेच कळलं.

आषाढाच्या अखेरीला वाऱ्याने जोर धरला. वाडीखालच्या वळणावर दरड आली, रस्ता बंद झाला. त्याच दिवशी ऐनाचं झाड तारेवर पडलं आणि वाडीतली लाईट गेली. वायरमनला फोन लागला, पण रस्ता मोकळा झाल्याशिवाय तो तरी कसा येणार. दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीपतच्या पायाला ओलं लागलं. बघतो तर फ्रीजखाली पाणी. वरचा कप्पा उघडला, तर दगडासारख्या पिशव्या मऊ पडायला लागल्या होत्या.

तो खाली बसला. गणपती अजून लांब होते. हा माल गेला तर रस्ता सुटेपर्यंत पीठ आणि तांदूळ, एवढंच. तेवढ्यावर चंद्रभागा खंगणार आणि सारिका गाडी घेऊन येणार, हे त्याला लख्ख दिसलं. मग उठला, खुर्ची आणून स्वयंपाकघराच्या दारात ठेवली, चंद्रभागेला काखेत हात घालून उचललं आणि खुर्चीत बसवलं. आजारी पडल्यापासून ती पहिल्यांदा आपल्या स्वयंपाकघरासमोर बसत होती.

"समदं वितळाय लागलंय," त्याने सांगितलं. "आता मी येक येक पिशवी दावतो. तू सांग, काय करायचं."

डाळिंब्या, काजूगर, मटार, फणस. या पिशव्यांवर तिने लगेच चुलीकडे बोट दाखवलं. म्हणजे आजच शिजवायला हवं. पण एवढं दोघांनी खाऊन संपणार नव्हतं. राहता राहिला नारळ, पिशव्याच पिशव्या. ओला नारळ आंबायला वेळ लागत नाही, एवढं त्याला माहीत होतं. तो त्या उचलून मागच्या दाराकडे निघाला.

"नाय." तुटक.

"टाकू नको? मंग काय करू?"

तिचा डावा हात हवेत गोल गोल फिरायला लागला.

"रश्शात घालू?"

"नाय." हात पुन्हा फिरला, खालून वर, जमिनीशी काहीतरी सारखं हलवत असल्यासारखा. ती कपाळावर आठ्या घालून त्याच्याकडे बघत होती. शब्द येत नव्हता म्हणून तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं होतं, पण हात थांबला नाही.

श्रीपतने चुलीवरचा तवा उचलला. "ह्यावर? कोरडं भाजू?"

"ना... य." खालच्या सुरात, लांबवलेलं.

त्याने जाळ मोठा केला, तशी तिने हात खाली दाबला. त्याने एक लाकूड मागे ओढलं. मंद आचेवर तो खोबरं हलवत राहिला. पांढऱ्याचं बदामी झालं, हाताला कोरडं लागायला लागलं. पाठ भरून आली तरी ती पुरे म्हणेना. शेवटी तिने चिमूटभर मागून घेतलं, बोटांत चुरून बघितलं आणि बरणीकडे मान हलवली. तव्यावर घाणे पडत गेले आणि बरण्या भरत गेल्या.

बाकी सगळ्याचा त्याने मोठ्या पातेल्यात एकच रस्सा केला. डाळिंब्या, काजूगर, मटार, भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण. फणसाची भाजी वेगळी. आणि पातेलंभर भात. मग इरलं डोक्यावर घेऊन तो खाचरांकडे गेला. रंगूबाई आणि वाडीतल्या बायका चिखलात वाकल्या होत्या.

"आज कुणी चूल पेटवू नका," त्याने बांधावरून सांगितलं. "काम झालं की आमच्याकडं जेवाया या."

"कुणी केलंय जेवान?" एकीने विचारलं.

"आमी दोघांनी."

दुपार कलल्यावर चिखलाचे पाय धुऊन सगळ्या पडवीत बसल्या. चंद्रभागेची खुर्ची श्रीपतने मध्यावर आणून ठेवली. तिचं ताट वाढलं आणि रोजच्यासारखा घास घेऊन तो तिच्याकडे वाकला, तर तिने तोंड घट्ट मिटलं. त्याला वाटलं, रस्सा बिघडला. त्याने विचारलं, तशी तिने त्याच्या हातातला चमचा डाव्या हाताने ओढून घेतला. एवढ्या बायांसमोर ती भरवून घेणार नव्हती. पहिला घास पदरावर सांडला. दुसरा अर्धा आत गेला, अर्धा हनुवटीवर. ती घाईला आली नाही. बायका खाली मान घालून जेवत राहिल्या, आणि श्रीपत भात आणायच्या निमित्ताने आत गेला. पातेल्यावरचं झाकण काढून तो बराच वेळ तिथेच उभा राहिला. बाहेर आला तेव्हा तिचं अर्धं ताट संपलं होतं.

"भावजी, तिखट जरा कमीच हाय," रंगूबाई म्हणाली.

"हिच्यापायी. तुमाला मिरची देतो चावाया."

"द्या की. आन् रस्सापण द्या."

रस्ता सुटायला आणि लाईट यायला बरेच दिवस लागले. रिकामा फ्रीज श्रीपतने पुसून उघडा ठेवला. भाजलेलं खोबरं टिकलं. ते पिठीत पडलं, घावनाबरोबर चटणी झालं, गूळ घालून आंबिलीबरोबरही खाल्लं. वाडीतल्या बायका रस्सा खाऊन गेल्या होत्या, त्या आता रिकाम्या हाताने यायच्या नाहीत. कुणी टाकळ्याची भाजी, कुणी दोन काकड्या, कुणी ताजं ताक. चंद्रभागा रोज स्वतःच्या हाताने जेवायची. सांडायचं, पण ती सोडायची नाही. श्रावणात त्याने वाल भिजत घातले, मोड आणले, आणि सोलायला बसला तेव्हा तिने अर्धे आपल्या मांडीवर ओढून घेतले. एका हाताने वाल सोलणं सोपं नाही. तिने अंगठा आणि बोट यांच्यात धरून दाबायची रीत काढली. दाणा लांब उडायचा, तो श्रीपत शोधून आणायचा.

गणपतीच्या आदल्या दिवशी सारिका आली. भाड्याची गाडी दारात उभी करून ती तशीच आत शिरली. आई स्वयंपाकघराच्या दारात खुर्चीवर बसून जेवत होती. सारिकाने तिच्या गालाला हात लावला, दंड चाचपला. मग बाजूला बसून ती आईचा चमचा बघत राहिली.

"भरवत नाही तुम्ही?"

"भरवून घेत नाय ती."

सारिकाने फ्रीज उघडला, फडताळ उघडलं. निम्मे डबे रिकामे होते. "बाबा, हे सगळं संपत आलंय. पुढे काय?"

"संपलं तर भरायचं. तुझी आई हाय ना सांगाया."

जेवताना सारिकाने डाळिंब्यांची उसळ दोनदा घेतली आणि मीठ मागितलं. गाडीवाल्याला चहा पाजून तिने परत पाठवलं. डोंबिवलीचा विषय निघाला नाही. पण जाताना तिने बापाकडून कबूल करून घेतलं, की आईच्या व्यायामाला दर आठवड्याला महाडला जायचं, चुकवायचं नाही. श्रीपतने ते पाळलं. एसटीच्या पुढच्या सीटवर चंद्रभागेला बसवून तो शेजारी बसायचा आणि वळणावळणाला ड्रायव्हरला हळू घ्यायला सांगायचा.

यंदाच्या चैत्रात ती काठीवर पडवीपर्यंत चालायला लागली. शब्दही थोडे सापडले. मीठ, पाणी, लेकीसाठी सारू, आणि रंगूबाईवर ओरडायला लागणारे एकदोन. वैशाखात दोघांनी आगोट भरायला घेतली. श्रीपत आमसुलांसाठी पाट्या भरून रातांबे आणतो, चिरतो, ती डाव्या हाताने बिया काढते. सालं अंगणातल्या खाटेवर वाळत पडलीत. काजूगर सोलून झालेत, फणस उद्या उकडायचा आहे. काल त्याने कुळीथ दळून आणले आणि डब्यावर नाव लिहून चिकटवायला कागदाची पट्टी फाडली. चंद्रभागेने ती त्याच्या हातातून काढून चुलीत टाकली आणि डबा जिथे असायचा त्या फळीवर ठेवायला लावला.