बाळकुमच्या घराच्या खिडक्या

टेलरची टेप घेऊन खिडक्यांची मापं काढायला गेलो, ही पहिली चूक. त्या टेपेला एका बाजूला इंच असतात आणि दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर. उंची मी एका बाजूने मोजली, रुंदी दुसऱ्या बाजूने, आणि सगळं ‘इंच’ म्हणून कागदावर लिहून ठाण्याच्या खिडक्यांच्या दुकानदाराला नेऊन दिलं.

त्याने कागद वाचला, चष्मा काढला, पुसला, परत वाचला.

“साहेब, संडासाला पाच फूट रुंद खिडकी?”

“येऊरचा डोंगर दिसतो तिथून,” मी ठोकून दिलं.

“मग खुर्चीपण टाका,” तो म्हणाला, आणि मापं घ्यायला स्वतःचा माणूस पाठवला.

नव्वदच्या दशकाचा मध्य होता. डोंबिवलीतला तळमजल्याचा ब्लॉक सोडून आम्ही बाळकुमला घर बांधायला काढलं होतं, ते हौसेपेक्षा बायकोच्या दम्यासाठी. डोंबिवलीच्या आमच्या लाकडी खिडक्या पावसाळ्यात फुगायच्या, उन्हाळ्यात आक्रसायच्या, आणि त्यांच्या फटींतून रस्त्याची धूळ आल्या-गेल्या पाहुण्यासारखी घरात यायची. सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटाने नाव लिहिता येई. रात्री बायको उशीला टेकून बसून श्वास मोजायची आणि मी उगाच पाणी आणून द्यायचो. म्हणून मी ठरवलं, नव्या घराच्या खिडक्या युरोपातल्यासारख्या करायच्या. दुहेरी काच, कडेने रबर, आणि घट्ट मिटणारी चौकट. तेव्हा ठाण्यात हे नवीनच होतं.

आमचा मिस्त्री बाळकुमचाच, जुना आगरी माणूस. खिडकीचा नमुना बघून म्हणाला, “साहेब, खिरकी आत उघरली तं परदा कुठं लावशील?”

“पडदा नंतर बघू. धूळ आत येता कामा नये.”

बायकोचा मात्र कॅटलॉगवर विश्वास नव्हता. ती दुकानात पर्समधून उदबत्तीचा पुडा घेऊन आली. नमुन्याच्या खिडकीच्या एका बाजूला टेबलफॅन लावायला लावला आणि दुसऱ्या बाजूला पेटती उदबत्ती फटीपाशी हळूहळू फिरवली. पहिल्या नमुन्यापाशी धूर थरथरला. “नको.” दुसऱ्यापाशी कोपऱ्यात वाकडा झाला. “नको.” तिसऱ्यापाशी सरळ वर गेला. तेवढ्यात आत आलेल्या एका गिऱ्हाईकाने चपला काढून हात जोडले. दुकानदार हसू दाबत म्हणाला, “वहिनी, प्रसाद मागवू का?”

“आधी ऑर्डर लिहा,” ती म्हणाली.

खिडक्या बसल्या आणि मला चेव चढला. भिंतीतले झरोके धूळ येते म्हणून मीच बुजवून टाकायला लावले. मिस्त्री कुरकुरला, पण मी ऐकतोय थोडाच! राहायला गेलो त्या दिवशी सगळ्या खिडक्या बंद करून मी घरभर मिरवलो. बाहेर ट्रक जात होता, आत घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. “आता भाकरी आणि ठेचा कर,” मी ऐटीत म्हणालो.

तव्यावर मिरच्या पडल्या आणि दोन मिनिटांत घराचा डबा झाला. बाहेरची धूळ आत येत नव्हती, तसा आतला धूर बाहेर जात नव्हता. बायकोला ठसका लागला, मग दम लागला. मी गॅस बंद केला, चिमट्याने तवा खाली उतरवला, घाईने ओट्यामागच्या खिडकीची मूठ फिरवली, खिडकी आत ओढली, आणि ठण्! चार बोटं उघडून ती बेसिनच्या उंच नळावर आपटली. परत ओढली. परत ठण्. तिच्या श्वासाची शिट्टी ऐकू येत होती.

तिने मला कोपराने बाजूला सारलं. खिडकी लावून घेतली आणि मूठ सरळ वर केली. खालची कड जागच्या जागी राहिली, वरची कड अलगद आत कलली, नळाच्या डोक्यावरून. धूर तिथून शहाण्यासारखा बाहेर पडला. अशीही उघडते हे मला ठाऊकच नव्हतं. माहितीपत्रक तिने वाचलं होतं, मी नुसतं लोकांना दाखवलं होतं.

ती फटीखाली तोंड करून उभी राहिली. खाडीवरचा वारा येत होता. पाचेक मिनिटांत शिट्टी थांबली. मी गुन्हेगारासारखा उभा, चिमटा हातात.

“काढून टाकू का गं या खिडक्या?” मी विचारलं.

तिने एक लांब, पुरा श्वास घेतला आणि ती म्हणाली, “खिडक्यांना हात लावू नका. झकास आहेत. नळ तेवढा बदला.”