दोन्ही व्हिडिओंतले हात

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, ज्या मुलींच्या डब्यात रोज हात घालते त्यांनाही नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, हेच कारण असेल.

मी ओझरची. वडील विमानाच्या कारखान्यात होते, शाळा इंग्रजी, तोंड फटकळ. नाशिकच्या एका खासगी रुग्णालयात नर्स आहे. वॉर्डात माझा दरारा आहे. नव्या मुली मला टरकून असतात, आणि — खरं सांगू? — मला ते आवडतं.

पण एक काम मी टाळत होते. नाकातून पोटात जाते ती नळी, रायल्स ट्यूब, मी पेशंटला घालत नव्हते. एकदा एका आजोबांच्या श्वासनलिकेत गेली होती. ओठ निळे पडले, मी झटकन बाहेर ओढली, आजोबा वाचले, बरे होऊन घरीही गेले. माझा हात मात्र त्यानंतर ठिकाणावर आला नाही. नळी घेतली की थरथर सुरू. सीनियर नर्सने हे कोणाला सांगायचं? मी एक वाक्य तयार ठेवलं होतं — "यमुना, तेवढं बघ गं, मला राउंडला जायचंय."

यमुना पेठ तालुक्याकडची. माझ्याहून लहान, डावखुरी, कमी बोलणारी. नळी घालताना तेवढी तोंडाची टकळी सुरू व्हायची. "गिळा बाय, पाणी गिळा, झालं बघा, अजून एकदा गिळा." पेशंट ऐकत राहायचा आणि नळी पोटात पोचलेली असायची. माझं दुखणं तिला कळलं होतं का? कळलंच असणार. तिने कधी दाखवलं नाही.

नर्सिंगच्या ऑनलाइन पदवीला आम्ही दोघींनी मिळूनच नाव घातलं. नोकरी न सोडता पदवी, तीही मान्यताप्राप्त, असं जाहिरातीत होतं. मला वॉर्डची इन्चार्ज व्हायचं होतं. तिला पदवी घेऊन पेठच्या सरकारी दवाखान्यात जायचं होतं. तिची आई तिकडे एकटी होती.

लेक्चर मोबाइलवर, परीक्षा लॅपटॉपवर. ते निभलं. मग आलं प्रात्यक्षिक. परीक्षक येणारच नव्हते. आपणच नळी घालायची, व्हिडिओ काढायचा आणि पाठवून द्यायचा. आमच्या ट्रेनिंग रूममध्ये सरावाची रबरी बाहुली आहे, आम्ही तिला मावशी म्हणतो. टोपी, मास्क, गाऊन, हातमोजे चढवले की जन्मदात्या आईलाही ओळखू येऊ नये — तुमच्या लक्षात आलंच असेल.

यमुनाचा व्हिडिओ मी काढला. मग माझा व्हिडिओ — तोही मीच काढला.

आवाज ओळखू येऊ नये म्हणून ती तेवढ्यापुरती गप्प राहिली. मावशीला "गिळा" म्हणता येत नाही म्हणून तिची कोण घालमेल! आम्ही दोघी नंतर पोट धरून हसलो. मी तिला मिसळ खाऊ घातली. हे पाप आहे असं तेव्हा दोघींपैकी कोणालाच वाटलं नव्हतं, निदान मला तरी नाही.

काही दिवसांनी मला एकटीला व्हिडिओ कॉलवर बोलावलं. पडद्यावर कोर्सच्या एक मॅडम होत्या. म्हणाल्या, दोन्ही व्हिडिओंत नळी डाव्या हाताने चालते आहे, हात एकाच व्यक्तीचे आहेत. कोणाचे?

इथे मी थांबतेय. हे वाक्य मनात कितीदा तरी जुळवलंय, पण ओठांवर येत नाही.

मी म्हणाले, माझे.

तेवढ्यावर भागणार नव्हतं. मग तिचा व्हिडिओ मी का केला, असा प्रश्न आलाच असता. तो यायच्या आधीच मी उत्तर दिलं, तेही छान इंग्रजीत. म्हटलं, तिला शिकायला सोपं जावं म्हणून मी करून दाखवलं होतं, तिने तोच व्हिडिओ स्वतःच्या नावाने पाठवला असणार. मला न विचारता. "असणार" म्हणाले बरं का. वर थोडं वाईटही वाटून घेतलं.

मी उजव्या हाताने लिहिते हे कोणी पाहिलं नाही. एक नळी आणि एक बाहुली समोर ठेवली असती तर तिथल्या तिथे निकाल लागला असता. पण त्या पदवीत सगळं होतं, समोर बसून बघणारा माणूस तेवढा नव्हता. आणि असता तर मी खरं बोलले असते का? बोलावंच लागलं असतं. त्याला खरं बोलणं म्हणत नाहीत.

यमुनाला कॉलवर विचारलं तेव्हा तिची इंग्रजीत त-त-प-प झाली. दुसरीचा व्हिडिओ पाठवला म्हणून कोर्समधून तिचं नाव कमी झालं. ती रडत आली — माझ्याकडेच. तिला वाटलं, मॅडमचा काही घोटाळा झालाय.

"ताई, तुमी सांगा ना त्यांना. तुमचं आयकतील ते."

मी सांगते म्हणाले. सांगितलं काहीच नाही. उलट तिला समजावलं की वाद घालू नकोस, माफी मागून मोकळी हो. माफीचा अर्जही मीच लिहून दिला. तिने डाव्या हाताने सही केली आणि मला थँक्यू म्हणाली.

मग काय झालं? त्या पदवीला मान्यताच नाही असं उघड झालं. पैसे गेले, वर्षं गेली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपल्या विश्वासाचा असा कोणी गळा घोटतं का? मीच पुढे होऊन कोर्सच्या सगळ्या मुलींना गोळा केलं. जिल्हाधिकारी कार्यालयासमोर आम्ही धरणं धरलं. भाषण माझं होतं.

यमुना ड्युटी संपवून तिथे आली. तिचा काही संबंध उरला नव्हता, तरी आली, आमच्यासाठी पाणी घेऊन. तेवढ्यात आमच्यातली एक मुलगी फणकाऱ्याने म्हणाली, ही कशाला इथे? ताईंनी शिकायला दिलेला व्हिडिओ हिने स्वतःचा म्हणून पाठवला होता ना?

माझी ती थाप मी वॉर्डात आणि कोर्सच्या मुलींमध्येही पसरवली होती. यमुनाच्या कानावर ती अशी पहिल्यांदाच गेली.

तिने त्या मुलीकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं. पाण्याच्या बाटल्यांचा खोका खाली ठेवला.

"असं तुमी सांगितलं, ताई?"

कोणीतरी माझ्या हातात माइक दिला. मी वळले आणि बोलायला लागले. आम्हाला कसं फसवलं, साध्याभोळ्या मुलींचा कसा विश्वासघात केला — आवाज चढला, डोळ्यांत पाणी आलं. पाणी खरं होतं. टाळ्या पडल्या. ती शेवटपर्यंत उभी राहून ऐकत होती. मग गेली. महिना संपायच्या आत नोकरीही सोडली.

मी अजून त्याच वॉर्डात आहे. तिच्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं नव्हतं. उत्तर हो असं आहे. मीच सांगितलं.