हॅलिफॅक्सच्या तंबूत हलगी

हैदराबादच्या विमानतळावर माझे वडील, अण्णा, काचेच्या बाहेर उभे होते आणि मी आत. कडेवर दोन वर्षांची आर्या, शेजारी ट्रॉली ढकलणारा माझा नवरा संदीप. आई पदराने डोळे पुसत होती. अण्णांनी फक्त हाताने खूण केली: फाईल. म्हणजे कागदांची फाईल बॅगेत टाकू नकोस, हातात धर. अण्णा लातूरच्या पोस्टात पस्तीस वर्षं क्लार्क होते. निरोपही त्यांनी पोस्टासारखाच दिला. कागद नीट, पत्ता नीट, मग पाठवून द्यायचं.

त्याला बारा वर्षं झाली. मी हॅलिफॅक्समधल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. रक्ताचे नमुने, रिपोर्ट, शिफ्ट. हिवाळ्यात आधी ड्राइव्ह-वेवरचा बर्फ शोव्हलने उपसायचा आणि मग कामाला निघायचं. आर्या आता चौदा वर्षांची आहे. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि आमचं दोघींचं व्यवस्थित चालतं. तिकडून तुम्ही विचारता, करमतं का? करमतं. खोटं कशाला सांगू.

लॅबमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर मोरीन बसते. तिचे खापरपणजोबा आयर्लंडहून बोटीने इथे आले. ती स्वतः आयर्लंडला एकदाही गेलेली नाही, पण बोलताना सहज ‘बॅक होम’ म्हणते. दर उन्हाळ्यात वॉटरफ्रंटवर त्यांचा तीन दिवसांचा आयरिश महोत्सव असतो. यंदा तिला चहाच्या स्टॉलवर माणसं कमी पडत होती. “तू चहा चांगला करतेस, ये,” म्हणाली. मी शनिवारी आर्याला घेऊन गेले.

चहा ओतता ओतता बरंच ऐकलं. दुपारी तीन बहिणींनी फिडल, म्हणजे व्हायोलिनच, वाजवलं. तिघींचे उजवे पाय एकाच वेळी फळीवर आपटत होते, आणि थोड्या वेळाने अख्खा तंबू पाय आपटायला लागला. माझ्यासमोरचे कपसुद्धा थरथरत होते. मग एक म्हातारा गृहस्थ स्टेजवर आला. सोबत कसलंच वाद्य नाही. डोळे मिटून तो आयरिश भाषेत गायला लागला. गाणं रंगलं तशी पहिल्या रांगेतली एक बाई उठली, त्याचा हात हातात घेतला आणि हळूहळू गोल फिरवत राहिली, जातं फिरवावं तशी. मोरीन म्हणाली, ही जुनी पद्धत आहे, गाणाऱ्याला एकटं वाटू नये म्हणून. मला एक शब्द कळला नाही. तरी गाणं संपेपर्यंत मी चहा ओतला नाही.

आर्या दिसेना म्हणून शोधत गेले, तर ती बाजूच्या छोट्या तंबूत बसली होती. तिथे नवशिक्यांसाठी वर्कशॉप चाललं होतं. वाद्याचं नाव बोरान. लाकडी कडं, त्यावर ताणून बसवलेलं बकऱ्याचं कातडं, हातात एक छोटी काठी. मी दारातच थांबले. ही तर हलगी होती. थोडी मोठी, थोडी खोल, पण हलगीच.

आमच्या लातूरच्या घरात वाद्य कधी नव्हतं. माझे आजोबा, अण्णांचे वडील, गावात हलगी वाजवायचे. हौस म्हणून नव्हे, जातीने लावून दिलेलं काम म्हणून. लग्न असो, मयत असो, दवंडी असो, बोलावणं आलं की जायचं, मांडवाच्या बाहेर उभं राहायचं आणि वाजवायचं. अण्णांच्या पिढीने ते सोडलं. पोरांनी मिळून ठरवलं, हलग्या खाली ठेवल्या, आणि गावाने त्यांचं पाणी, दळण, मजुरी सगळं बंद केलं. अण्णा शिकायला लातूरला आले ते परत गेलेच नाहीत. शाळेच्या गॅदरिंगला मी एकदा ढोलकी मागितली होती, तेव्हा म्हणाले, “आपल्या घरात वाजवायचं नाही, वाचायचं.” तो विषय तिथेच संपला.

आर्याचा हात मात्र चांगला चालत होता. शिकवणाऱ्याने तिला सगळ्यांसमोर पुन्हा वाजवायला लावलं. बाहेर आली ती फॉर्म घेऊनच. “आई, सप्टेंबरपासून क्लास आहे. कॅन आय?”

“नको.”

“व्हाय? यू लेट मी डू पियानो.”

मी फॉर्मची घडी करून पर्समध्ये टाकली. घरी येईपर्यंत ती गाडीत खिडकीबाहेर बघत बसली.

रविवारी सकाळी दहाला अण्णांचा व्हिडिओ कॉल असतो, तिकडची संध्याकाळ. मी काही बोलायच्या आत आर्याने फोन ओढून घेतला. “आजोबा, आय प्लेड अ ड्रम. बघा.” आणि वर्कशॉपमध्ये शेजारच्या मुलीने काढलेला व्हिडिओ संदीपच्या आयपॅडवर लावून तिने फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरला.

अण्णांनी व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. मग विचारलं, “कोण लोक वाजवायलेत हे?”

“एव्हरीबडी. टीचर्स, डॉक्टर्स, लहान मुलं.”

“त्यांना कुणी वाजवा म्हणून सांगायलंय का?”

आर्याला प्रश्नच कळला नाही. मी म्हणाले, “नाही अण्णा. आपापल्या आवडीने वाजवतात. पैसे भरून शिकतात.”

“बसून वाजवतात?”

“खुर्चीवर. स्टेजवर.”

अण्णांनी चष्मा वर सरकवला. “तिला म्हणावं, मनगट सैल सोड. खांद्यातून मारायलीय. दमून जाईल. त्या काठीला काय म्हणतात ते लोक?”

“टिपर,” आर्या म्हणाली.

अण्णा एकदम हसले. “आम्हीपण टिपरूच म्हणायचो.” आणि समोरच्या स्टीलच्या ताटलीवर त्यांनी दोन बोटांनी ठेका धरला. आधी हळू, मग जलद. मागून आई आली आणि पदर तोंडाला लावून उभी राहिली. अण्णांना वाजवता येतं हे तिला माहीत होतं, मला नव्हतं. सोळाव्या वर्षापर्यंत ते आजोबांबरोबर जायचे. मी त्रेचाळीस वर्षांची आहे आणि हे मला त्या दिवशी कळलं.

थांबल्यावर म्हणाले, “आम्ही सोडली ती वाजवायला लावायचे म्हणून. पोरीला कुणी लावलेलं नाही. शिकू दे.”

दुपारी आम्ही पुन्हा महोत्सवाला गेलो. शेवटच्या सेशनला नवशिक्यांना कडेच्या खुर्च्यांवर बसवलं होतं. आर्या दोन ठिकाणी चुकली. बाजूच्या बाईने तिच्याकडे बघून मान डोलावली आणि ती पुन्हा लयीत आली. तिचं मनगट सैल होतं.

परत येताना मी तिला सगळं सांगितलं. गाव, मांडवाबाहेरची जागा, बंद केलेलं पाणी. आजवर तिला मी लातूरचं सांगितलं होतं ते आंबे, मावशा, जयंतीची मिरवणूक एवढंच. घराच्या वाटेवरचा डार्टमथचा पूल आम्ही ओलांडला. मग ती म्हणाली, “तू पाहिलंयस ते गाव?”

“नाही.”

“सो वी शुड गो.”

इथे कुणी घर कुठे म्हणून विचारलं की मी लातूर सांगत आले. ते खोटं नव्हतं, पण माझं सांगणं तिथेच थांबायचं, कारण त्याच्या मागे बघायला मला कुणी शिकवलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. आता घर म्हटलं की मला तीन जागा दिसतात, आणि त्यातली एक मी अजून पाहिलेली नाही.

डिसेंबरची तिकिटं काढली आहेत. अण्णांना सांगितलं, गावी यायला तुम्हाला नको वाटत असेल तर आम्ही दोघी जाऊन येऊ. ते म्हणाले, “मला सोडून जायचं नाही. आणि कडेच्या रस्त्याने जायचं नाही. भर दुपारी, सरळ वेशीतून जाऊ. दिसू दे सगळ्यांना.”