मनगट धरणारे शेजारी

अड्यारमधले आमचे शेजारी तंजावरी मराठी आहेत. एरवी ते प्रत्येक वाक्य ‘अय्यो’ने सुरू करून भरभर बोलतात. पण जंगलात जनावर दिसलं की एकदम गप्प होतात आणि शेजारच्याचं मनगट धरतात.

गेल्या वर्षी मुदुमलैच्या जंगलात त्यांनी माझ्या मेव्हण्याचं मनगट धरलं. मी तेव्हा जीपवाल्याशी भांडत होतो. अंबत्तूरचा कारखाना मी असाच भांडून उभा केलाय. मेव्हण्याला वाघ दिसला, माझा हुकला. तो राग वर्षभर गेला नाही.

यंदा बोली ओढ्याकाठच्या तंबूची झाली होती आणि सकाळी पोचलो तर तंबूवाला मागचा तंबू देत होता. माझा आवाज चढला, तेवढ्यात शेजाऱ्यांनी माझं मनगट धरलं.

“सोडा हो, आधी याच्याकडे बघतो!”

पकड आणखी घट्ट झाली. मी वळलो. ओढ्यात हत्तीण उभी होती आणि तिचं पिल्लू चिखलात मनसोक्त लोळत होतं. तंबूवालासुद्धा हसायला लागला.

हत्ती गेल्यावर मी म्हणालो, “माझा वाघ अजून तुमच्याकडे बाकी आहे.”

“अय्यो, वाघ पुढच्या वर्षी. आज हत्तीवर भागवा की!”

मी घासाघीस केली नाही. मनगट अजून त्यांच्याच हातात होतं.