बिबवेवाडीतला शेवटचा कार्यक्रम

माझा नवरा लोकांना हसवायचा आणि त्यावर आमचं घर चालायचं. एकपात्री विनोदी कार्यक्रम. सोसायट्यांची संमेलनं, गणपती मंडळं, कोणाची साठी, कोणाची पंच्याहत्तरी, जिथे बोलावतील तिथे. त्यातले निम्मे किस्से माझ्यावर. मी किती तापट, पाय पुसले नाहीत म्हणून सिलेंडरवाल्याला चौथ्या मजल्यावरून परत खाली कशी पाठवते, वगैरे. सिलेंडरवाल्याचं खरं आहे. नुकतीच फरशी पुसली होती, मग काय त्याला ओवाळायचं होतं?

मी पहिल्या रांगेत कडेला बसायचे. तो नियम ह्यांचाच. किस्सा लांबायला लागला की मी चष्मा काढून पुसायचा आणि ह्यांनी आवरतं घ्यायचं. लोक म्हणायचे, किती हौशी बाई, एकही कार्यक्रम चुकवत नाही. कसली हौस डोंबलाची, कामावर असायचे मी.

विस्मरणाचा आजार आहे असं कळलं तेव्हा हे डॉक्टरांनाच विनोद सांगत बसले. घरी आल्यावर मात्र समोरचा चहा पार निवू दिला. मग म्हणाले, "एकच किस्सा मी दुसऱ्यांदा सुरू केला, तर तू सरळ उभी राहा. मी नमस्कार करून उतरेन. लोक मला हसले पाहिजेत, त्यांनी माझी कीव नाही करायची." मी म्हटलं, त्यापेक्षा आत्ताच बंद करा ना. तर असे काही चिडले, की मला कबूल व्हावंच लागलं.

बिबवेवाडीत एका ज्येष्ठ नागरिक संघाचा वर्धापनदिन होता. भर दुपारी हॉल गच्च भरलेला. सिलेंडरवाला झाला, हशा पिकला. पुढचे किस्सेही नीट पार पडले. मला वाटलं, निभावलं आजचं. तेवढ्यात ह्यांनी घसा साफ केला आणि पुन्हा सिलेंडरवाल्याचा किस्सा सुरू केला.

लोकांना वाटलं मुद्दाम चाललंय, ते आणखीच हसले. मी उठायला हवं होतं, पण बसूनच राहिले. उठले की संपलं. पुन्हा ह्यांच्या हाती माइक येणार नव्हता, आणि माइकशिवाय हा माणूस घरात दिवसभर करणार काय? किस्सा संपला आणि सिलेंडरवाला तिसऱ्यांदा जिना चढायला लागला. आता हसणं विरळ झालं. मागे कुजबूज सुरू झाली. संघाचे अध्यक्ष शेजारच्याच्या कानाला लागले. मी उठून उभी राहिले.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत माझी ओळख नव्हती.

"अहो बाई, बसा की. आमची ही यायची आहे अजून. ती आल्याशिवाय मला संपवता येत नाही."

हॉल नुसता हास्यात बुडाला. हे जाऊन आता दोन वर्षं झाली, पण तिथली मंडळी भेटली की अजून मला तोच विनोद ऐकवतात, काय टायमिंग होतं म्हणून. मी ऐकून घेते. माझ्या जिवाचं तेव्हा पाणी पाणी झालं होतं, हे त्यांना कशाला सांगू?

लोक टाळ्या वाजवत होते तोवरच ह्यांना खाली उतरवायला हवं होतं. मी स्टेजवर गेले, दंड धरला आणि कानाशी म्हटलं, "आली हो ती. चला आता." ह्यांचा चेहरा एकदम सैल पडला. कमरेत वाकून, नेहमीसारखा झोकात नमस्कार केला आणि उतरले. कोणाला काही कळलं नाही.

रिक्षात हे अगदी कडेला अंग चोरून बसले होते, परक्या बाईला धक्का लागू नये म्हणून. स्वारगेटच्या सिग्नलला रिक्षा थांबली, तेव्हा त्यांनी दबक्या आवाजात मला विचारलं, "आमची ही रागावली नाही ना? फार तापट आहे हो ती."

"नाही हो," मी म्हटलं. "खूप हसली."