विस्तव कोणी विझवला?

कुरखेड्याजवळच्या एका गावात मी पाचवीच्या मुलांना इंग्रजी वाचायला शिकवते. मुलं घरी गोंडी बोलतात, शाळेत मराठी, आणि इंग्रजी ही त्यांची तिसरी भाषा. मी चंद्रपूरला इंग्रजी शाळेत शिकले, एवढ्यावरच मला हे काम मिळालं. मोठ्या माणसांसमोर माझ्या तोंडून शब्द निघत नाही. या चौदा मुलांसमोर निघतो.

फेब्रुवारीत तालुक्याहून एक साहेब वाचन तपासायला आले. निवासी इंग्रजी वर्गासाठी आमच्या वर्गातून एकच नाव जाणार होतं. एका मुलीला तिथे जायचंच होतं. घरी गादीसुद्धा बांधून ठेवली होती तिने. ती ओळीखाली बोट धरून वाचायची आणि अर्थ लागल्याशिवाय बोट पुढे सरकवायची नाही. तिचे वडील उन्हाळ्याआधी जाळरेषेच्या कामाला जातात. वणवा पुढे जाऊ नये म्हणून जंगलातला पाचोळा आधीच जाळून मोकळा पट्टा करतात, ते काम.

तपासणी म्हणजे काय, तर मोबाइलवर एक मिनिट लावायचं आणि मुलाने किती शब्द वाचले ते मोजायचं. इंग्रजी उतारा शहरातून छापून आलेला. एक कुटुंब जंगलात सहलीला जातं. झाडाखाली चूल मांडतं, भात शिजवतं, जेवतं, डबे भरतं, गाणी म्हणत घरी जातं आणि झोपतं.

वर्गातल्या सगळ्यात जलद मुलाने तो एका दमात संपवला. साहेबांनी मान डोलावली.

मग ही उभी राहिली. चूल पेटली, भात झाला, डबे भरले, मंडळी घरी निघाली. तिथे तिचं बोट थांबलं. ते दोन ओळी मागे गेलं, पुन्हा खाली आलं. तिने माझ्याकडे पाहिलं.

"काऊन थांबली वं? वाच ना," साहेब म्हणाले.

"मॅडम, इस्तो कोनं इझवला?"

साहेब हसले. "तू काय वनरक्षक हायेस? मिनिट चालू हाये, बाई."

"पन त्याहीनं इझवलाच नाई. तसेच गेले."

मिनिट संपलं. साहेबांनी तिच्या नावापुढे 'अडखळते' असं लिहिलं.

उतारा लिहिणाऱ्याला, छापणाऱ्याला, तपासणाऱ्याला, कोणालाही जंगलात पेटती चूल सोडून गेलेली माणसं दिसली नव्हती. मलाही नाही. मी आठवडाभर त्या उताऱ्यातले नुसते शब्द मुलांकडून घोकून घेतले होते.

"सर," मी म्हणाले. माझा आवाज मलाच जेमतेम ऐकू आला. "तिला कळलं म्हणून ती थांबली."

"मॅडम, कळलं का, हा रकानाच नाई यात. इथी शब्द भरा लागते."

मी त्या जलद मुलाला विचारलं, "त्यांनी काय शिजवलं रे?" तो साहेबांकडे पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, "मटन?" वर्ग खदखदून हसला. साहेब म्हणाले, "लेकराले घाबरवू नका, मॅडम," आणि यादीत त्याचं नाव लिहिलं.

त्या मुलावर मला राग आला नाही. त्याच्या वयाची असताना मी तशीच होते. शाळेच्या गॅदरिंगमध्ये बर्फाबद्दलचा एक लांबलचक इंग्रजी उतारा फाडफाड वाचून मी कप मिळवला होता. त्यातल्या अर्ध्या शब्दांचा अर्थ मला येत नव्हता आणि तो मला कोणी विचारलाही नाही. तो कप अजून आईच्या शोकेसमध्ये आहे. याच वाचनाच्या जोरावर मी इथे शिकवायला उभी आहे, आणि समजून वाचणारी मुलगी 'अडखळते' ठरली आहे. ही तपासणी कोणाची चालली होती?

दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी आली. "मॅडम, मिनिट लावा." मी मोबाइल काढला. तिने बोट खिशात घातलं आणि सगळा उतारा एका दमात म्हणून टाकला. चूल, भात, डबे, गाणी, झोप. कुठेही थांबली नाही.

"आता आलं ना बराबर?"

"आणि इस्तो?" मी विचारलं.

"इस्तो पाहत बसली त नाव नाई येत ना, मॅडम."

मी तिचं बोट धरून पुन्हा त्या ओळीवर ठेवलं. मग वहीचं पान फाडून तालुक्याच्या कार्यालयाला अर्ज लिहायला घेतला, मराठीत. पहिल्याच वाक्यात लिहिलं की ही मुलगी कुठे थांबली आणि का थांबली. ती माझ्या खांद्यावरून वाचत होती, एकेक ओळ, सावकाश.