अक्का माझी मुलगी व्हायच्या

पिकल्या केसांच्या दोन वेण्या घालून, स्टुलावर पाय हलवत, अक्का मला 'अप्पा', म्हणजे बाबा, म्हणायच्या. वयाने त्या माझ्या आईला जवळच्या. मूळ बेळगावच्या, निवृत्त नर्स, मल्लेश्वरममध्ये आमच्या समोरच्या घरात राहायच्या. दवाखान्यात नको ती दुखणी घेऊन आलेली भेदरलेली पोरं त्यांनी पाहिली होती. "घरात तोंड उघडता येत नाही, ते पोर बाहेर कुणाला 'नाही' म्हणणार?" असं म्हणत त्या स्वतः पोर व्हायच्या आणि गल्लीतल्या आईबापांकडून ऐकून घेण्याचा सराव करून घ्यायच्या.

मी हातगाडीवरून नळाच्या दुकानापर्यंत आलेला माणूस. घासाघिशीत कुणाला ऐकलेला नाही.

"अप्पा, मला एक मुलगा आवडतो," अक्का म्हणाल्या.

"कोण तो हरामखोर?"

"गेली पोर! आता काही सांगायची नाही. परत."

"अक्का, पहिल्या वाक्याला ओरडू द्या. पुढची सगळी शांतपणे."

"नाही."

"अर्ध्या वाक्याला?"

"स्वल्पसुद्धा नाही!"

एकदा त्या खऱ्याखुऱ्या रडल्या. मी गडबडून पाणी आणलं, तर हुंदक्यातच म्हणाल्या, "पाणी राहू द्या, कारण विचारा." तेवढ्यात बायको भाजी घेऊन आली. वेण्यावाल्या अक्का मला अप्पा म्हणून रडताहेत, हे तिने पाहिलं आणि सरळ कांदे निवडायला बसली.

मग शुभाचं, माझ्या खऱ्या मुलीचं, लग्न ठरत आलं. सुपारीच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "अप्पा, लग्नाआधी आम्हा दोघांची एचआयव्हीची तपासणी व्हावी. मुलाकडच्यांना सांगाल?"

ओरडणं घशाशी आलं होतं. ते गिळून मी विचारलं, "भीती वाटते का तुला?"

"तुमची वाटत होती. म्हणून आधी अक्कांशी बोलले."

बाप मी, आणि पहिली खबर समोरच्या घरात! तो राग आजही गेलेला नाही.

हेब्बाळला मुलाच्या घरी मी तपासणीचं काढलं, तसे मुलाचे वडील खुर्चीतून उठलेच. "आमच्या मुलावर संशय? हवं तर मानपान सोडतो, तेवढी तपासणी सोडा!"

आयुष्यात इतका चांगला सौदा मला कुणी देऊ केला नव्हता. मी म्हटलं, "तपासणी सोडून बोला." स्थळ मोडलं.

पुढे अक्का बेळगावला भाच्याकडे गेल्या आणि तिथेच वारल्या. त्यानंतर आलेल्या स्थळाच्या बैठकीच्या आदल्या संध्याकाळी शुभा दुकानात आली. म्हणाली, "अप्पा, या वेळी तपासणीचं मीच विचारते. तुम्ही फक्त शेजारी बसा." हे तिने कुणाच्याही आधी मला सांगितलं होतं. आणि हे अक्कांना ठणकावून ऐकवावं, तर समोरच्या घरात कुणी नव्हतं.